काळं कार्ड विरुद्ध निळं कार्ड

रविवार, अकरा जानेवारी. अमरावती, राजापेठेच्या मागच्या गल्लीतलं ताईंचं घर.

हजर: ताईंची आई, जिला आम्ही सगळे माय म्हणतो. मोर्शीकडच्या खेड्यातून आलेल्या मायच्या तीन जुन्या सोबतिणी, शेवंताबाई, कौसाबाई आणि पार्वताबाई. विहारातले भंतेजी, गल्लीतली मंडळी, अकोल्याच्या कोर्टातले चारदोन जण. काळे सर. मी.

निमित्त: ताईंचं पुण्यानुमोदन, म्हणजे त्या गेल्यानंतरचा विधी.

जिल्हा परिषदेत सभांचे वृत्तांत लिहून लिहून कुठेही गेले तरी आधी हजेरी मांडायची सवय मला लागली आहे. आजही मनातल्या मनात मांडली. त्रिशरण-पंचशील झालं, खीर वाटली गेली, आणि मग माझ्या लक्षात आलं की काळे सर आणि मी भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसलो आहोत. इतकी वर्षं रोज बरोबर प्रवास केला, पण असे शेजारी आम्ही कधी बसलो नव्हतो. ताईंच्या गाडीत आमच्यातला एक पुढे असायचा आणि एक मागे.

आम्ही तिघंही राहायला अमरावतीत आणि नोकरीला अकोल्याला. ताई कोर्टात बेंच क्लर्क, काळे सर ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायचे, मी जिल्हा परिषदेत. अप-डाऊन ताईंच्या पांढऱ्या गाडीतून. गाडी त्यांची, म्हणून नियमही त्यांचे. पहिला नियम असा की मागच्या सीटवर कोणी कायमचं बसायचं नाही. एक आठवडा मी पुढे, सर मागे. दुसऱ्या आठवड्यात उलट. सर सहा फुटांच्या वर, मागे बसले की गुडघे हनुवटीला लागायचे. एकदा ते काकुळतीला येऊन म्हणाले, "ताई, माझे पाय लांब आहेत हो. मला कायमचं पुढं बसू द्या ना."

"पाय लांब हाय म्हणून हक्क लांब होत नाई, सर," ताई म्हणाल्या आणि गिअर टाकला.

स्वतः मात्र त्या नेहमी पुढे. चालकाची जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलेली मी कधी पाहिली नव्हती. लग्नाला गेल्या तर पहिल्या रांगेत, मग ती नवरदेवाच्या मामांसाठी राखून ठेवलेली का असेना. ऑफिसच्या फोटोत पहिल्या ओळीत मधोमध. निवेदनावर पहिली सही त्यांची. गाडी दुरुस्तीला गेली की आम्ही एसटीने जायचो; तेव्हा मागे जागा रिकामी असली तरी त्या ड्रायव्हरच्या पाठीमागचा दांडा धरून मूर्तिजापूरपर्यंत उभ्या राहायच्या. कंडक्टर म्हणायचा, "मॅडम, मांगं बसा ना, जागा हाये." ताई त्याच्याकडे पाहायच्यासुद्धा नाहीत. मला याचा राग यायचा. पाय दुखतात, रक्तदाब आहे, समोर जागा आहे, तर माणसाने बसावं. मी तसं बोललेही होते.

"हा प्रश्न अप्रस्तुत आहे," ताई म्हणाल्या.

त्यांचं बोलणं असं कोर्टातून उचललेलं असायचं. घरी, गाडीत, भाजीवाल्याजवळ, सगळीकडे. आपण काही सांगायला लागलो आणि थोडं लांबलं की त्या हात वर करायच्या: "साक्षीदारानं गोष्ट सांगू नये. हो की नाई, तेवढं सांग." पर्समध्ये ठेच्याची छोटी बरणी. चहाच्या टपरीवर भजी घेतली की ती उघडायची आणि टपरीवाल्याला आधी चाखायला लावायची, म्हणजे त्याची चटणी किती फिकी आहे ते त्याचं त्यालाच कळावं. या बाईला मित्र कमी आणि ओळखीचे फार होते.

कार्डांचं प्रकरण मूर्तिजापूरच्या टपरीवर सुरू झालं. ताईंना बँकेच्या माणसाचा फोन आला. असे फोन आपण सगळेच कापतो. ताईंनी तो स्पीकरवर टाकला आणि मोबाइल गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"मॅडम, आपल्यासाठी खास प्रीमियम ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड आहे."

"खास म्हणजे? आज अजून किती जणाइले खास फोन केला?"

"मॅडम, फक्त सिलेक्टेड कस्टमर्सना..."

"अजून कोणाले केला का? हो की नाई?"

"हो मॅडम."

"बरं. या कार्डावर माही म्हातारी माय विमानात पुढच्या सीटवर बसू शकते का?"

"म्हणजे मॅडम, आपण जो खर्च कराल त्यावर रिवॉर्ड पॉइंट जमा होतील, ते पॉइंट विमान कंपनीकडे ट्रान्सफर करता येतात, मग बिझनेस क्लासची सीट उपलब्ध असेल तर..."

"साक्षीदारानं गोष्ट सांगू नये."

"हो मॅडम," तो पोरगा हरल्यासारखा म्हणाला. "बसू शकतात."

ताईंनी फोन ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. "ऐकलं ना जी सर? नोंद घ्या."

आठवडाभरात दुसऱ्या एका बँकेचं कार्डही रिंगणात आलं. पहिल्याचा रंग काळा, दुसऱ्याचा निळा, म्हणून आम्ही त्यांना त्याच नावांनी ओळखू लागलो. काळ्याची वार्षिक फी ऐकून काळे सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, एवढ्यात आमच्याकडं साक्षगंध होते."

"तुमच्याकडं साक्षगंध होत असन, सर. आमच्याकडं लग्न होते," ताई म्हणाल्या. "मुद्द्याचं बोला."

मुद्दा असा होता. काळ्या कार्डाचे पॉइंट भराभर वाढायचे, विमान कंपनीकडे वळते व्हायचे, आणि पुरेसे साठले की विमानाच्या पुढच्या भागातल्या रुंद खुर्च्या मिळायच्या. शिवाय विमानतळावर लाउंज, म्हणजे गर्दीपासून वेगळी बसायची-खायची खोली. निळ्या कार्डाची फी थोडी, दिखावा थोडा. त्यावर दरवर्षी साध्या तिकिटांची कुपनं मिळायची आणि सोबतच्यालाही सवलत. थोडक्यात, काळं कार्ड दोघांना पुढे बसवणार आणि निळं चारपाच जणांना मागे. जायचं कुठे ते ठरलेलं होतं: नागपूरहून दिल्लीमार्गे गया, तिथून बोधगया. गल्लीतले लोक दरवर्षी रेल्वेने जायचे. माय एकदाही गेली नव्हती.

अशी निवड दुसऱ्या कोणी दोन संध्याकाळींत केली असती. मी एका संध्याकाळी केली असती. कागदावर दोन रकाने, संपलं. ताईंनी खटला भरला. काळे सर काळ्या कार्डाचे वकील, मी निळ्याची. बडनेरा ओलांडलं की पुकारा. ताई काच खाली करून भर हायवेवर गळा काढायच्या, "निळं कार्ड हाज्जिर होऽऽ!" शेजारून जाणारे ट्रकवाले दचकून पाहायचे. मूर्तिजापूरपर्यंत युक्तिवाद, चहानंतर उलटतपासणी, आणि बोरगाव मंजू आलं की न्यायाधीश म्हणून ताई एकच वाक्य बोलायच्या: "निकाल राखून ठेवला." मग अकोला येईपर्यंत कोणी त्या विषयावर बोलायचं नाही.

मी माझं वकीलपत्र मनापासून चालवलं, कारण मला निळंच पटत होतं. मी म्हटलं, "ताई, एकेका विमानात दीडदोन तासांचा तर प्रवास. खुर्ची रुंद असली काय, अरुंद असली काय, विमान सगळ्यांना एकाच वेळी पोचवतं."

"पोचवते एकाच वेळी," ताई म्हणाल्या. "उतरते कोण आधी?"

काळे सर मागच्या सीटवरून ओरडले, "वाऽ! सरतपासणीच संपवली ताईंनी."

"तुमचंही सांगते, सर. लाउंजमध्ये जेवण फुकट म्हणता. ठेचा असते का?"

"ठेचा नसन, ताई. पण पास्ता असते."

"मग ते फुकट नाई. ती शिक्षा हाये."

असं ते चाललं. हिवाळाभर चाललं. मला वाटायचं ही करमणूक आहे, रस्ता कटतो, ठीक आहे. ती करमणूक नव्हती हे एका धुक्याच्या सकाळी कळलं. मूर्तिजापूरला चहा घेत होतो आणि समोरून एक ट्रक गेला. मागे बाया दाटीने बसलेल्या, डोक्याला स्कार्फ बांधलेल्या, कुठेतरी तोडणीला निघालेल्या. ताईंनी तो ट्रक दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मग कोणी न विचारता बोलल्या.

माय वरूडकडच्या बागांमध्ये संत्रा तोडायला जायची. ताई लहान होत्या, शाळेच्या सुटीच्या दिवसांत तिच्याबरोबर. एके दिवशी परतताना त्यांना ताप चढला. थंडी होती. माय ड्रायव्हरजवळ गेली आणि म्हणाली, पोरीला पुढं केबिनमध्ये बसू दे. बागवानाचा दिवाणजी तिथे उभा होता. तो म्हणाला, पुढं जागा नाही.

"मी पाहिलं ना," ताई म्हणाल्या. "पुढं टोपली होती. कोण्या साहेबासाठी निवडून काढलेल्या संत्र्याची. सीटवर ठेवलेली, वरून पंचा झाकलेला, धक्का लागू नये म्हणून. टोपलीले पुढं जागा. मले मागं."

काळे सर स्वतः बागायतदाराच्या घरातले. त्यांनी रिकामे कप उचलून टपरीवर नेऊन दिले, जे ते कधी करत नसत. गाडीत बसताना त्यांचा पुढच्या सीटचा आठवडा होता. ते मुकाट मागे जाऊन बसले. ताईंनी आरशातून पाहिलं. "सर, पुढं या. सहानुभूतीच्या आधारावर जागा बदलत नाई इथं."

त्या दिवशी बोरगाव मंजूला निकाल लागला. काळं कार्ड. मी वरच्या कोर्टात जायचं नाही असं ठरवलं.

कार्ड देण्याआधी बँकेचा माणूस पत्ता तपासायला घरी आला. ताई कोर्टात होत्या. मायने त्याला पाटावर बसवलं, चहा दिला, आणि विचारलं, "काय विकून राहिला बाप्पा?" तो म्हणाला, काही विकत नाही, तुमची मुलगी काय काम करते ते सांगा. माय म्हणाली, "कोर्टात लोकाइले हाका मारते." त्याने काय लिहून घेतलं देव जाणे, कार्ड मात्र आलं. ताईंनी ते मायच्या हातात दिलं. मायने उलटंसुलटं करून पाहिलं. "एवढंसंच? अन् यावर इमान?"

"यावर विमान. तू पुढं बसशील, माय. एकदम पुढं."

"पाहू," माय म्हणाली.

हा "पाहू" आम्ही कोणीच नीट ऐकला नाही.

पॉइंट साठवायचे म्हणजे खर्च व्हायला हवा, आणि ताईंचा खर्च तो काय? मग त्यांनी आमचे खर्च ताब्यात घेतले. मी वॉशिंग मशीन घ्यायचं म्हटलं, तर राजापेठेतल्या दुकानात ताई माझ्याआधी हजर. माझ्याकडून रोख घेऊन कार्ड त्यांनी घासलं. विहाराचा लाउडस्पीकर त्यांच्या कार्डावर. काळे सरांच्या मुलीच्या साक्षगंधाच्या साड्याही, तिथे ताईंनी विहिणीला दोन साड्या जास्त घ्यायला लावल्या, आणि सर नंतर मला म्हणाले, "माझी व्याही मंडळी खूश, विमान कंपनी खूश. मीच तेवढा उरलो." गल्लीत कोणाकडे फ्रिज येणार, कोणाची गाडी सर्व्हिसिंगला जाणार, ताईंना आधी कळायचं. लोक वैतागायचे आणि तरी त्यांनाच बोलवायचे, कारण दुकानदाराशी भाव करायला ताईंसारखं कोणी नव्हतं.

मग ताई आजारी पडल्या. पोटात दुखतंय म्हणून त्या बराच काळ सोडा पीत होत्या. मी तपासण्यांची यादी करून दिली, डॉक्टरची वेळ घेतली, गाडी काळे सरांनी चालवली. त्या दिवशी ताई पहिल्यांदा चालकाच्या शेजारी बसल्या, आणि सरांना पूर्ण रस्ता कसं चालवायचं ते सांगत राहिल्या. नागपूरला डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून त्यांनी एकच विचारलं, "मुदत किती?" डॉक्टर गोल गोल बोलायला लागले. ताईंनी हात वर केला, पण वाक्य पूर्ण केलं नाही. हात हळूच मांडीवर ठेवला.

बिलाच्या खिडकीवर मात्र त्या परत ताई झाल्या. काळं कार्ड सरकवून त्यांनी आतल्या मुलीला विचारलं, "हॉस्पिटलच्या खर्चावर पॉइंट पडतात ना?" त्या मुलीला प्रश्नच कळला नाही. ताईंनी तिथेच उभं राहून बँकेला फोन लावला आणि पडतात याची खात्री झाल्यावरच कार्ड घासू दिलं. माझा संयम सुटला. मी म्हटलं, "ताई, आता तरी हे सोडा."

"कावून सोडू? आता तं कुठं खर्च होऊन राहिला."

पुढे प्रत्येक केमोनंतर त्या मोबाइलवर पॉइंट पाहायच्या. पहिल्यानंतर म्हणाल्या, "एक सीट दिल्लीपर्यंत पोचली." पुढच्या वेळी डोक्याला रुमाल बांधलेला, ओठ फुटलेले: "आता गया दिसून राहिली." काळे सर गाडी थांबवून बाहेर जाऊन उभे राहिले. मी पाण्याची बाटली, ओआरएस, ओकारीसाठी पिशव्या, सगळं क्रमाने लावत बसले. दुसरं काही करता येत नव्हतं.

ताईंनी विमान कंपनीत कुटुंबाचं एकत्र खातं उघडून त्यात मायचं नाव घातलं आणि सगळे पॉइंट तिकडे वळवले. एकदा वळवले की ते परत बँकेत येत नाहीत. हेही त्यांनी तीनतीनदा विचारून घेतलं होतं. "माणूस गेला की कार्ड बंद होते," त्या मला म्हणाल्या. "तिकडं माय राहीन." सगळं मिळून पुढच्या दोन सीट होत होत्या. किंवा, मी हिशोब पाहिला तर, मागच्या चार. मी ते बोलून दाखवलं नाही. निकाल लागून गेला होता.

ते बोलून दाखवलं मायनेच. नागपूरच्या हॉस्पिटलातल्या खोलीत दुपारची वेळ होती. ताई उशीला टेकून बसल्या होत्या, मी संत्र्याचा रस गाळत होते, काळे सर खिडकीशी. ताई मायला समजावून सांगत होत्या: पुढची खुर्ची अशी मागे होते, पाय असे वर येतात, बाई येऊन गरम टॉवेल देते.

"अन् कौसा कुठं बसन?" माय म्हणाली.

"कोण कौसा?"

"कौसा. शेवंता. पार्वता."

"त्या नाई येऊन राहिल्या, माय. तू अन् मी. तू पुढं बसशील."

"मी एकटी पुढं काय करू? पुढं बसलं का कोनी बोलत नाई. सारे लोक आपल्या पाठीमागं, अन् आपलं तोंड भिताडाले."

काळे सर मागे वळले. हळूच म्हणाले, "ताई, या प्रकरणात सगळ्यांच्या साक्षी झाल्या. जिचं प्रकरण आहे तिचीच राहिली."

मला वाटलं ताई चिडतील. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. "घ्या. साक्ष घ्या."

"मले नाई येत साक्ष देता," माय म्हणाली. "मी आपलं सांगते. थो ताप आला होता ना तुले, त्या दिवशीचं." ताईंनी डोळे उघडले. "मी पुढं इचारलं, थो नाई म्हने. मी तुले घेऊन मागं चढली. तं शेवंतानं तिचं पांघरून काढलं. कौसानं तुहे पाय पोटाशी घेतले, बरफावानी होते. पार्वताचं अन् आमचं पानी चालत नव्हतं तवा; तिच्या घरी समजलं असतं तं मारलं असतं तिले. तिनं तुहं डोकं घेतलं मांडीवर. आमी चौघी पाय लांब करून बसलो अन् तू आमच्यावर आडवी. हात दोन्हीकडून लावून ठेवले, गाडी गचके देत होती. गानी म्हनत आलो मोर्शीलोक. तुले टोपली आठवते. तू झोपली होती, बाई. तुले काई मालूम नाई."

गाळणीतून रस वाटीत पडत होता तो मी तसाच पडू दिला. ताई छताकडे पाहत होत्या. मग त्यांनी मायचा हात शोधला.

"हो की नाई, तेवढं सांग," त्या म्हणाल्या. आवाज फारच बारीक झाला होता. "मागं बसायचं हाय तुले?"

"त्याइच्यासंगं बसायचं हाय. मागं तं मागं."

मी वाट पाहिली. सरांनीही पाहिली. मला खात्री होती की त्या आता चार सीट म्हणतील, आणि मी तिथेच मोबाइल काढून तिकिटं करून टाकीन. ताई मायकडे पाहत राहिल्या, जणू पहिल्यांदा पाहताहेत. मग म्हणाल्या, "निकाल राखून ठेवला."

तेवढ्यात नर्स आली. त्यानंतर ताई बोलल्या, पण कामाचंच बोलल्या. गाडीचे कागद कुठे आहेत, गॅसचा नंबर कुठला, मायची रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची. निकालाचं मी एकदा विचारलं. त्यांनी मान उशीवर फिरवून मायच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही. डिसेंबरच्या एका सकाळी, माय तोंड धुवायला गेलेली असताना, त्या गेल्या.

नंतरची कामं मी वाटून घेतली. कोर्टात लागणारी कागदपत्रं काळे सरांनी नेऊन दिली. काळं कार्ड मी बंद केलं; बँकेतल्या मुलीने दाखला पाहिला, "सॉरी मॅडम" म्हणाली, आणि ताईंच्या जागी तुम्ही एखादं कार्ड घ्याल का असंही विचारलं. तिचं काम ती करत होती. मी "नाही" म्हटलं आणि बाहेर येऊन पायरीवर जरा वेळ बसले. औषधं विहाराच्या दवाखान्यात दिली. गाडी सरांनी धुऊन आणली, तिच्यावर कव्हर घातलं. आम्ही दोघं आता एसटीने जातो आणि मिळेल तिथे बसतो.

आज खीर झाल्यावर मंडळी पांगली. आतल्या खोलीत शेवंताबाई, कौसाबाई आणि पार्वताबाई चटईवर बसल्या होत्या. पार्वताबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून कौसाबाई जोरात बोलत होत्या. "ताई म्हनत होती म्हने, इमानानं नेते. मी तं सुनेले सांगून बी आली." शेवंताबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. "गप बस ना वं. आज हे काय काढून राहिली?"

मायने मला ओट्याशी बोलावलं. पातेलं घासत होती. कोणाला घासू देत नव्हती.

"थे पॉइंट हाये ना अजून?"

"आहेत, माय. उन्हाळा संपेपर्यंत चालतील. पुढच्या दोन होतात, नाहीतर मागच्या चार. तुम्ही सांगा, मी आत्ता करते. पाच मिनिटांचं काम आहे."

"पुढं दोन म्हनते तू. मंग दुसरीवर कोन बसन?"

मी म्हटलं, "मग चार करते. या तिघी आणि तुम्ही. तुम्हाला तेच हवं होतं ना? ताईंनी ऐकलं होतं तुमचं."

"ऐकलं," माय म्हणाली. "पन हो म्हनली नाई." ती राखेचा बोळा तळाशी फिरवत राहिली, तळ स्वच्छ झाला होता तरी. "तिनं पुढची काढली असती, तं मी भांडली असती तिच्यासंगं. इमानतळावर भांडली असती. म्हनलं असतं, नाई बसत, काय करतं करून घे. मंग तिनं तोंड फुगवलं असतं, अन् मी मागं जाऊन बसली असती या तिघीइत. असं होनार होतं थे. आता मी कोनासंगं भांडू? न भांडता मागं बसली तं तिचं सारं वाया गेलं. अन् पुढं बसली तं यायले काय तोंड दाखवू?"

आतून कौसाबाईंचा आवाज आला, "ओ, काय कुजबुजून राहिल्या वं तिथं? या ना इकडं!"

माय हात धुवायला वळली. "आज नको," ती म्हणाली. "पाहू."

या वेळी मी तो शब्द नीट ऐकला. घरी येऊन आजची कामं तपासली. बहुतेक सगळी झाली आहेत. भंतेजींना चीवरदानाचं वस्त्र पोचलं, तिघींना मोर्शीच्या गाडीत बसवून दिलं, भाड्याची भांडी परत गेली. मायची तिकिटं काढायची राहिली आहेत.